पुण्याचं रूट कॅनाल, मुलीच्या तारा आणि आईचं बिल: एच.आर.ए.मधून नेमकं काय मिळतं?

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "१ एप्रिलपासून नव्या कंपनीत रुजू झालो. विम्याबरोबर कंपनीने वर्षाला ३,००० डॉलरचं एच.आर.ए. दिलंय. बायकोचा विमा तिच्या कंपनीकडून आहे, सोबत तिचं एच.एस.ए. (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे औषधपाण्यासाठी करमुक्त बचतीचं) खातं. आता खर्च असे: बायकोचा चष्मा (मार्चमध्ये घेतला, कार्डाचं बिल एप्रिलमध्ये भरलं), मुलीच्या दातांच्या तारा, दिवाळीत पुण्याला गेलो तेव्हा केलेलं माझं रूट कॅनाल, बायकोचा पाठदुखीसाठीचा योगा क्लास आणि व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईचं अर्जंट केअरचं १८० डॉलरचं बिल. इंटरनेटवरच्या यादीत बहुतेक सगळंच 'एलिजिबल' दिसतंय. मग टाकू का सगळं?"

थांबा. सगळं टाकू नका.

आधी नावाचा घोळ मिटवते. एच.आर.ए. म्हटलं की आपल्याला घरभाडं भत्ता आठवतो. इथे त्याचा घराशी काही संबंध नाही. हेल्थ रीइम्बर्समेंट अरेंजमेंट म्हणजे तुमच्या औषधपाण्याचा खर्च कंपनीने भरून द्यायची व्यवस्था. पैसा पूर्ण कंपनीचा. तुमच्या पगारातून एक सेंटही कापता येत नाही. खातं म्हणतात खरं, पण बहुतेक ठिकाणी ती वहीतली नुसती नोंद असते. तुम्ही खर्च करता, पुरावा देता, मग कंपनी पैसे देते, आणि त्यावर तुम्हाला कर लागत नाही. वर्षाअखेर उरलेली रक्कम पुढे न्यायची की नाही हे कंपनी ठरवते. नोकरी सोडलीत तर रक्कम सहसा तिथेच राहते. एच.एस.ए.सारखी ती तुमची मालमत्ता नाही.

आता ती यादी. ती खोटी नाही. अमेरिकी कर कायद्याच्या कलम २१३ डी मध्ये वैद्यकीय खर्चाची व्याख्या आहे आणि आय.आर.एस.च्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) प्रकाशन ५०२ मध्ये तिची उदाहरणं दिली आहेत. संकेतस्थळांवरच्या याद्या तिथूनच उतरवलेल्या असतात. पण ते कायद्याने घातलेलं कुंपण आहे. कुंपणाच्या आतली किती जमीन पेरायची, ते कंपनीचं. २००२ साली आय.आर.एस.ने या योजनांचे मूळ नियम घालून दिले तेव्हापासून हे असंच आहे. एक कंपनी सगळा वैद्यकीय खर्च देते, दुसरी फक्त विम्याचं डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) देते, तिसरी फक्त दात आणि डोळे. मी अठरा वर्षं अशा योजनांचे क्लेम तपासते आहे. नाकारलेल्या क्लेमवर रागावून फोन करणारा माणूस हमखास प्रकाशन ५०२ चं पान वाचून दाखवतो, आणि मला दर वेळी विचारावं लागतं, "तुमचं एस.पी.डी. वाचलंत का?"

एस.पी.डी. म्हणजे समरी प्लॅन डिस्क्रिप्शन. खासगी कंपनीत योजनेत दाखल झाल्यापासून ९० दिवसांत ते तुम्हाला मिळायला हवं. नसेल मिळालं तर एच.आर.ला लेखी मागा. त्यात चार गोष्टी शोधा: कोणते खर्च, कोणाकोणाचे, कोणत्या तारखेपासूनचे, आणि क्लेम टाकायची शेवटची तारीख. पुढे मी जे लिहितेय ते कायद्याच्या कुंपणापुरतं. तुमच्या योजनेचं कुंपण त्याहून आत असू शकतं, बाहेर कधीच नाही.

चष्म्याचं एका ओळीत सांगते: मिळणार नाही. नंबरचा चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, त्यांचं सलाइन, डोळ्यांची तपासणी हे सगळं कायद्यात बसतं, पण खर्च 'झाला' कधी, हे सेवा किंवा वस्तू मिळाली त्या तारखेवर ठरतं. बिल कधी आलं किंवा पैसे कधी भरले याला अर्थ नाही. तुमचं एच.आर.ए. १ एप्रिलला सुरू झालं, चष्मा मार्चमधला.

पण चष्म्यावरून मला तुम्ही न विचारलेली गोष्ट दिसली, आणि ती या सगळ्यात महाग पडू शकते. बायकोचं एच.एस.ए. आहे म्हणालात. एच.एस.ए.मध्ये पैसे भरायचे तर माणसाला हाय डिडक्टिबल विम्याखेरीज दुसरं सर्वसाधारण वैद्यकीय कवच असता कामा नये. आणि तुमचं एच.आर.ए. बायकोचा कुठलाही वैद्यकीय खर्च देऊ शकत असेल, तर तेच तिचं 'दुसरं कवच' ठरतं. तुम्ही तिच्या नावाने एकही क्लेम टाकला नाहीत तरी! नुसतं देऊ शकतं, एवढं पुरे. मग ते कवच असलेल्या महिन्यांपुरती तिने एच.एस.ए.मध्ये भरलेली रक्कम जादा धरली जाते आणि ती काढून घेतली नाही तर दर वर्षी ६ टक्के दंडात्मक कर. हा घोटाळा नवरा-बायको वेगवेगळ्या कंपन्यांत असलेल्या घरांत सर्रास होतो, कारण दोन्ही एच.आर. एकमेकांशी बोलत नाहीत.

म्हणून एस.पी.डी.मध्ये पहिल्यांदा हेच बघा. तुमचं एच.आर.ए. फक्त तुमच्या कंपनीच्या ग्रुप विम्यात असलेल्यांचाच खर्च देत असेल तर बायको आपोआप बाहेर आणि तिचं एच.एस.ए. सुरक्षित. फक्त दात-डोळ्यांचं मर्यादित एच.आर.ए. असेल तरीही चालतं. सर्वसाधारण असेल आणि बायकोलाही धरत असेल, तर 'फक्त कर्मचारी' असा पर्याय आहे का विचारा. नसेल तर ग्रुप विम्याला जोडलेल्या एच.आर.ए.मधून वर्षातून निदान एकदा बाहेर पडायची संधी कंपनीला द्यावीच लागते. ३,००० डॉलर मोठे की बायकोच्या एच.एस.ए.मुळे वाचणारा कर मोठा, हा हिशोब तुमचा तुम्ही करा.

मुलीच्या तारा बसतात. दातांचे उपचार बसतात, ऑर्थोडॉन्टिया त्यातच येतो. नुसते दात पांढरे करून घेणं मात्र बसत नाही, ते सौंदर्यात जातं. तारांची गंमत अशी की उपचार दोन-दोन वर्षं चालतो आणि डॉक्टर पैसे आधी मागतात. इतर उपचारांना आगाऊ भरलेले पैसे सेवा मिळेपर्यंत परत मिळत नाहीत, पण ऑर्थोडॉन्टियाला सूट आहे: उपचार सुरू होण्यासाठी आगाऊ भरावे लागले असतील तर ते भरले तेव्हाच क्लेम करता येतात, योजनेची हरकत नसेल तर. डॉक्टरांकडून करारपत्र घ्या, त्यात एकूण रक्कम, सुरुवातीची रक्कम, महिन्याचा हप्ता आणि दातांच्या विम्याचा वाटा वेगवेगळा लिहिलेला हवा. विम्याने दिलेला वाटा एच.आर.ए.कडे मागायचा नाही. मुलगी विद्यार्थिनी आहे की नोकरी करते याने फरक पडत नाही. ज्या वर्षी २६ पूर्ण होतील त्या वर्षाच्या अखेरपर्यंत मुलांचा खर्च करमुक्त देता येतो.

आता आई. इथे मी नेहमी वाईट बातमी देते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला 'सिस्टीमच तशी' असं वाटणार नाही.

एच.आर.ए.मधून आई-वडिलांचा खर्च करमुक्त घ्यायचा तर ते करासाठी तुमच्यावर अवलंबून असले पाहिजेत. आरोग्याच्या बाबतीत त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा सोडून दिलेली आहे, हे खरं. पण दोन अटी उरतात. त्यांच्या वर्षाच्या एकूण पोटापाण्याचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही केलेला हवा, आणि ते अमेरिकेचे नागरिक तरी असावेत किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांपैकी एका देशाचे रहिवासी. तुमच्या आईंना पेन्शन असेल, पुण्यात स्वतःचा फ्लॅट असेल, तर पहिल्याच अटीवर गाडी अडते. आपण त्यांचं विमानाचं तिकीट काढतो, इथे सगळं आपणच बघतो, म्हणून 'आई माझ्यावर अवलंबून' असं मनात असतं. कायदा वर्षाचा हिशोब मागतो.

रहिवासाबद्दल कोणीतरी तुम्हाला दिवसांचं गणित सांगेल. ते असं: या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश, बेरीज १८३ झाली तर माणूस करासाठी अमेरिकेचा रहिवासी. दरवर्षी १५० दिवस येणारी आई म्हणजे १५० अधिक ५० अधिक २५, एकूण २२५. झाली रहिवासी! पण मग तिच्या पेन्शनचा, बँकेतल्या मुदत ठेवींच्या व्याजाचा हिशोबही अमेरिकेला द्यावा लागेल. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असतील आणि सगळा संसार भारतात असेल तर यातून सुटायची तरतूद आहे, आणि बहुतेकांनी ती घ्यावी. १८० डॉलरच्या बिलासाठी आईला करदाती करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

शिवाय एवढं सगळं जुळलं तरी आणखी एक अडसर उरतो, जो कोणी सांगत नाही. ग्रुप विम्याला जोडलेल्या एच.आर.ए.मधून ज्याचा खर्च घ्यायचा, तो माणूस स्वतः कुठल्यातरी ग्रुप विम्यात असला पाहिजे. २०१५ मध्ये आय.आर.एस.ने हे स्पष्ट केलं. आई-वडिलांना ग्रुप विम्यात घेणाऱ्या कंपन्या अगदीच थोड्या. व्हिजिटर इन्शुरन्स हा ग्रुप विमा नव्हे, आणि त्याचा हप्ताही तुम्हाला इथून मिळणार नाही. तेव्हा १८० डॉलर आधी व्हिजिटर इन्शुरन्सकडेच मागा. बिल आणि डॉक्टरांच्या नोंदी जोडून. पुढच्या वेळी आईंना गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि पंधरा दिवस जास्तीच्या घेऊन यायला सांगा, मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसकट.

योगा क्लासचं काय? सर्वसाधारण तब्येतीसाठी केलेला खर्च बसत नाही. जिम, योगा, च्यवनप्राश, व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर सगळं त्यात आलं. ठरावीक आजाराचं निदान झालेलं असेल आणि त्या आजारावरचा उपचार म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर चित्र बदलू शकतं. त्यासाठी लागतं लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी: निदान काय, उपचार काय, किती महिने, आणि सही तिच्या प्रत्यक्ष डॉक्टरांची. वजन कमी करण्याचा कार्यक्रमसुद्धा स्थूलपणाचं किंवा रक्तदाबाचं निदान असेल तर बसतो, पण त्यातलं रोजचं जेवण बसत नाही. पाठीची डिस्क सरकली असेल तर मी योगा स्टुडिओच्या पावतीवर वेळ घालवण्याऐवजी फिजिओथेरपीकडे जा म्हणेन. ती निःसंशय बसते. अॅक्युपंक्चर आणि कायरोप्रॅक्टरही बसतात. अर्थात बायको तुमच्या एच.आर.ए.मध्ये आहे की नाही हा वरचा प्रश्न सुटल्यावर.

आणि ते 'पाच मिनिटांत फॉर्म भरा, आमचे डॉक्टर पत्र देतील' वाले सोडा. मार्च २०२४ मध्ये आय.आर.एस.ने त्यांच्याबद्दल जाहीर इशारा दिला. माणसाने स्वतःच सांगितलेल्या माहितीवर काढलेल्या चिठ्ठीने खाण्यापिण्याचा आणि व्यायामाचा खर्च वैद्यकीय होत नाही.

घरातल्या किरकोळ गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण वर्षाला त्यांचीच बेरीज मोठी होते. तापाची गोळी, अॅलर्जीची गोळी, अॅसिडिटीचं औषध यांना २०११ पासून प्रिस्क्रिप्शन लागायचं. १ जानेवारी २०२० पासूनच्या खरेदीला ते लागत नाही; कोविडच्या काळातल्या कायद्याने ते काढून टाकलं आणि सॅनिटरी पॅडसुद्धा त्याच वेळी यादीत आले. बँडेज, थर्मामीटर, बीपीचं यंत्र, साखर मोजायच्या पट्ट्या बसतात. टूथपेस्ट नाही, शाम्पू नाही, बाळाचे डायपर साधारणपणे नाहीत. डॉक्टरकडे गाडीने गेलात तर २०२५ साठी मैलाला २१ सेंट कायद्यात धरले होते, पण अनेक योजना प्रवास देतच नाहीत.

मी एवढी काटेकोर का, असं तुम्हाला वाटेल. भारतात नोकरी केलेल्यांना आठवत असेल, मेडिकल रीइम्बर्समेंटची १५,००० रुपयांची करमाफी होती. २०१८ च्या अर्थसंकल्पात ती जाऊन स्टँडर्ड डिडक्शन आलं. मार्च उजाडला की अख्खं ऑफिस औषधाच्या दुकानातून बिलं गोळा करत फिरायचं, आणि त्यात हॉर्लिक्सही असायचं नि शेजाऱ्यांच्या गोळ्याही. कोणी विचारत नसे. इथे ती सवय आणू नका. एच.आर.ए. वैद्यकीय खर्चाव्यतिरिक्त पैसे देऊ लागलं तर ते आरोग्य योजनाच राहत नाही, आणि मग फक्त तुमच्याच नव्हे, योजनेतल्या सगळ्यांच्याच सगळ्या रकमा करपात्र होऊ शकतात, खरोखर ऑपरेशन झालेल्यांच्यासुद्धा. म्हणून प्रत्येक क्लेमला तिसऱ्याकडून पुरावा लागतो. 'मी सही करून सांगतो' चालत नाही. पाच-दहा डॉलरचं आहे म्हणून सोडून दिलं, असंही चालत नाही. एच.आर.ए.चं कार्ड दुकानात चाललं म्हणजे क्लेम मंजूर झाला असंही समजू नका. पावती मागणारं पत्र नंतर येतं.

(तुमच्या मित्राची स्वतःची कन्सल्टिंग कंपनी आहे आणि 'मीही मला एच.आर.ए. देतो' म्हणत असेल, तर त्याला सी.पी.ए.कडे (इथल्या सी.ए.कडे) पाठवा. एस कॉर्पोरेशन या प्रकारच्या कंपनीत २ टक्क्यांहून जास्त मालकी असलेल्याला हा करमुक्त फायदा घेता येत नाही, आणि त्याच्या बायकोला तिथे नोकरीवर ठेवूनही ही पळवाट मिळत नाही.)

राहिलं पुण्याचं रूट कॅनाल. हे बसतं, आणि लोकांना ते खरंच वाटत नाही. उपचार अमेरिकेतच झाला पाहिजे असं कायदा म्हणत नाही. दोन्ही देशांत तो कायदेशीर असावा, एवढंच. तुमचं एच.आर.ए. दात देत असेल तर डॉक्टरांची फी, एक्स-रे, रूट कॅनाल, कॅप हे सगळं मागा. विमानाचं तिकीट नाही, कारण तुम्ही दिवाळीला गेला होतात, दातासाठी नव्हे. कोथरूडहून दवाखान्यापर्यंतची रिक्षा तत्त्वतः बसू शकते, पण रिक्षावाल्याकडून पावती आणलेला माणूस मला अजून भेटायचाय.

औषधांचं मात्र नीट बघा. तिथे प्रिस्क्रिप्शनवर घेऊन तिथेच संपवलेलं औषध चालतं, दोन्ही देशांत कायदेशीर असेल तर. उरलेल्या गोळ्या बॅगेतून इकडे आणल्या तर त्यांचा खर्च धरायचा नाही. आणि आपल्याकडे दुखण्यावर सर्रास दिली जाणारी निमेसुलाइड अमेरिकेत कधी मंजूरच झालेली नाही. ती ओळ बिलात असेल तर तुम्हीच वजा करून क्लेम टाका. सबंध क्लेम तिच्यामुळे अडकण्यापेक्षा साठ रुपये गेलेले परवडले.

खरी अडचण बिलाची. आपल्याकडच्या दवाखान्याची पावती बहुधा अशी असते: लेटरहेडच्या अर्ध्या पानावर 'रिसीव्ड विथ थँक्स', आडनाव, 'टू डेंटल ट्रीटमेंट', रुपये १४,०००, खाली गिचमिड सही. यातलं मला काहीच वापरता येत नाही. कोणाचा दात? कोणता उपचार? कधी केला? असा एक क्लेम मी तीनदा परत पाठवला आहे. शेवटी डॉक्टरांनी वैतागून दाताचं चित्रच काढून पाठवलं. तारीख त्यावरही नव्हती.

तेव्हा डेंटिस्टना आजच व्हॉट्सअॅप करा आणि नवं बिल मागा, इंग्रजीत, कारण मराठी बिलाला भाषांतर जोडावं लागतं. त्यात हवं: रुग्णाचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव; प्रत्येक भेटीची तारीख; त्या तारखेला काय केलं, दात क्रमांकासह (रूट कॅनालच्या बैठका वेगळ्या, कॅप वेगळी); प्रत्येकाची रक्कम; दवाखान्याचं नाव-पत्ता आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. औषधाच्या दुकानाचं बिल वेगळं, प्रिस्क्रिप्शनसह. रुपयांचे डॉलर करताना कार्डाच्या स्टेटमेंटवर आलेला आकडा जोडा. रोख किंवा यूपीआयने दिले असतील तर त्या दिवसाच्या दराचं पान छापून लावा. आणि शिक्का रकमेच्या आकड्यावर मारू नका म्हणावं. स्कॅन केल्यावर जांभळ्या शाईत आकडा बुडालेली बिलं आमच्याकडे परतीच्या गठ्ठ्यात जातात.